गोव्याच्या हवेत गॉथ पेहराव: प्रेरणा निवडण्यापासून कपाट सांभाळण्यापर्यंत

गॉथ पेहरावाची, म्हणजे काळोख्या संगीतातून आलेल्या काळ्याभोर, नाट्यमय थाटाची, ओढ बहुधा एखाद्या फोटोमुळे लागते. जर्मनीत लायप्झिगला १९९२ पासून भरणाऱ्या गॉथ मेळाव्यातलं कुणीतरी असतं: घोट्यापर्यंत मखमल, कोपरापर्यंत हातमोजे, पांढराफटक चेहरा. तोच थाट मे महिन्यात पणजीत केला तर अर्ध्या तासात मखमल पाठीला चिकटते, काजळ गालावर उतरतं, आणि नवखा माणूस ठरवून टाकतो की हे आपल्याकडे जमणारं नाही. जमतं, अगदी देखणं जमतं. मात्र त्या फोटोतून नेमकं काय उचलायचं आणि काय तिथेच सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पहिली पायरी: आधी कान, मग कपडे

हा पेहराव संगीतातून आला, म्हणून सुरुवातही तिथूनच करावी. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पंकची लाट ओसरत असताना बाउहाउस, सुझी अँड द बॅनशीज, द क्युअर आणि पुढे सिस्टर्स ऑफ मर्सी अशा बँडनी काळोख्या सुरांचं संगीत सुरू केलं. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब उघडला आणि या मंडळींना एकत्र जमायला जागा मिळाली. तिथले कपडे महागडे नव्हते. जुन्या बाजारातले कोट, फाटलेली जाळी, कपड्यांवर हाताने ठोकलेले धातूचे खिळे, घरीच उभे केलेले केस, असा सगळा मामला होता. आज हजारोंचा तयार ड्रेस मागवण्याआधी हे लक्षात असू द्या.

दोन-तीन आठवडे हे बँड ऐका. ज्याचा सूर मनात बसेल, त्याच्या काळातले फोटो बघा. संगीताची पसंती पक्की झाली की कपड्यांची दिशा आपोआप ठरू लागते, आणि उगाच भलत्या वस्तूंची खरेदीही वाचते.

दुसरी पायरी: फोटो वाचायला शिका

बारा ते पंधरा फोटो जमवा, जास्त नकोत. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहा: बाह्यरेषा कशी आहे (वर घट्ट आणि खाली घेर, की सगळंच सरळ आणि लांब), कापडाचा पोत कसा आहे (मंद, चमकदार, पारदर्शक), चेहऱ्यावर जोर कुठे आहे (डोळे, ओठ की भुवया), आणि धातू किती आणि कुठे आहे. पंधरा फोटोंत जी उत्तरं पुन्हा पुन्हा येतील, तीच तुमची आवड.

उदाहरणादाखल बॅनशीजची गायिका सुझी हिचा ऐंशीच्या दशकातला कुठलाही गाजलेला फोटो घ्या. बघणाऱ्याला आधी काळे कपडे दिसतात. खरा जोर मात्र डोळ्यांवर असतो: कानशिलाकडे ओढलेली जाड रेघ, वर धारदार भुवई. ही रेघ मूकपटांतल्या नायिकांची आठवण करून देते. थीडा बारा हिने १९१७ मध्ये क्लिओपात्राची भूमिका केली तेव्हा डोळे असेच काळ्याने भरले होते. त्यात व्यवहाराची एक गोष्ट आहे. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा उमटत असे, त्यामुळे लाल ओठही पडद्यावर काळे दिसत. म्हणून कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. जे काळं दिसतंय ते मुळात गडद लाल असू शकतं, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर पिकलेल्या जांभळासारखा लाल-जांभळा ओठ काळ्यापेक्षा अनेकदा जास्त खुलतो.

दुसरी मोठी प्रेरणा म्हणजे व्हिक्टोरियन सुतकी पेहराव. १८६१ मध्ये नवरा अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, काळे कपडे सोडले नाहीत. त्या काळी सुतकाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सुरुवातीला अजिबात चमक नसलेलं क्रेप, नंतर हळूहळू चमकदार रेशीम, शेवटी राखाडी आणि फिकट जांभळा. दागिने व्हिटबीच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जेट नावाच्या काळ्या खड्याचे. यातून उचलायचा धडा पोताचा आहे. नखशिखान्त काळं घातलं आणि सगळं एकाच पोताचं असलं, तर लांबून नुसता एक काळा ठिपका दिसतो. मंद, चमकदार आणि पारदर्शक असे तीन पोत एकत्र आले की तोच काळा बोलू लागतो. या एका नियमावर अर्धा पेहराव उभा राहतो, बाकी काही विसरलात तरी हा विसरू नका.

एक मुख्य प्रेरणा आणि एक दुय्यम, एवढंच पहिल्या वर्षी ठेवा. पंक, व्हिक्टोरियन, जपानी लोलिता (बाहुलीसारखे झालरीचे फ्रॉक) आणि सायबर (भडक निऑन रंग आणि प्लॅस्टिक) असं सगळं एकदम अंगावर चढवलं की नाटकातल्या पात्राची वेशभूषा वाटते.

तिसरी पायरी: घरातल्या आणि गावातल्या प्रेरणा

इथे मराठी माणसाला, त्यातून गोव्यात राहणाऱ्याला, इतकं काही हाताशी आहे की परदेशी फोटो बघून हळहळायचं कारणच नाही.

काळी चंद्रकळा घ्या. संक्रांतीला काळं नेसायची आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने घालायची आपली रीत. काळ्यावर पांढऱ्याचा इतका नाट्यमय मेळ दुसरीकडे क्वचितच सापडेल. आजीची चंद्रकळा कपाटात असेल तर कापू नका, नेसा: खाली काळे बूट, वर कोपरापर्यंत बाहीचा मंद काळा ब्लाउज, गळ्यात एकच मोठा चांदीचा दागिना. काळं इरकल लाल पदरासकट आपलं आपणच गॉथ आहे. खणाचं काळं कापड मिळालं तर त्याचं घट्ट जाकीट शिवून घ्या. कॉर्सेटचा आकार मिळतो आणि बरगड्या आवळल्या जात नाहीत. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून शिंप्याला पन्हा सांगून किती लागेल ते आधी विचारा आणि मगच कापड घ्या. आत सुती अस्तर हवंच. खण आणि इरकल दोन्ही बागलकोट जिल्ह्यातले, त्यामुळे बेळगावच्या बाजारात निवड चांगली मिळते.

गोव्याची स्वतःची देणगीही मोठी आहे. मांडो नाचताना ख्रिस्ती बायका घालत तो पानो-बाजू बघा: वर जरीकाम केलेला मखमली किंवा रेशमी सैल बाजू, खाली गुंडाळलेलं लांब वस्त्र, हातात पंखा. बाजूचा सैल आकार इथल्या उकाड्याला शोभणारा आहे. तोच आकार काळ्या मलमलीत, जरीऐवजी काळ्या रेशमी दोऱ्याच्या कशिद्याने करून बघा. क्रोशाचं विणकाम गोव्यातल्या कितीतरी घरांत अजून होतं. पांढरी क्रोशाची कॉलर घेऊन काळी रंगवली की बाजारातल्या नायलॉनच्या लेसला तिच्यापुढे उभं राहता येत नाही. रंगवण्याआधी ती कोमट पाण्यात भिजवून वाळवा, कारण सुती क्रोशा आटतो आणि शिवल्यावर आटला तर गळा चुरगळतो.

आकार हवे असतील तर इमारती बघा. एक गैरसमज मात्र दूर करूया: जुन्या गोव्यातली बहुतेक चर्चेस गॉथिक नाहीत, ती पुढच्या काळातल्या शैलींतली आहेत. टोकदार कमानी आणि शिखरं बघायची तर साळगावला जा. तिथलं १८७३ मधलं माय दे देवस चर्च नवगॉथिक शैलीत बांधलेलं आहे. त्या कमानीचा आकार कागदावर उतरवा, साधारण सहा सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर उंच असा साचा कापा, आणि घेरदार बाहीच्या काठावर ओळीने आखून घ्या. शिवताना टोकाशी कापडाला आतून बारीक चीर द्यायला शिंप्याला सांगा, नाहीतर उलटवल्यावर टोक बोथट येतं. रंग हवे असतील तर जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी पावसाळ्यात जाऊन या. ४६ मीटर उंचीचा तो जांभ्या दगडाचा मनोरा, त्यावरचं शेवाळ आणि मागे काळं आभाळ. काळा, जांभ्याचा तांबूस आणि शेवाळी हिरवा, एवढे तीन रंग वर्षभर पुरतात.

चौथी पायरी: कापड आणि पहिले पाच कपडे

दिवसा सुती मलमल, व्हॉइल, टू बाय टू रुबिया, लिनन. संध्याकाळी रेयॉन, त्याची घडी सुंदर पडते, पण भिजला की तो कमजोर होतो, म्हणून पिळू नका. पॉलिएस्टरची मखमल टाळा. सुती मखमल डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चालते, तीही जाकिटापुरती. चामड्याचं जाकीट गोव्यात वर्षातून जेमतेम आठ-दहा वेळा अंगावर येईल आणि बाकीचे दिवस बुरशीशी झुंजेल. त्याऐवजी जाड काळ्या ड्रिलचं बिनबाह्यांचं जाकीट शिवा.

सुरुवातीचे पाच कपडे असे: काळा सैल सुती शर्ट किंवा कुर्ता, काळी घट्ट पँट किंवा घेरदार स्कर्ट, पारदर्शक काळी ओढणी, जाळीचा एक तुकडा, आणि आकार देणारं एक जाकीट. स्कर्टसाठी दूर जायची गरज नाही. कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये काळा सुती कळ्यांचा परकर मिळतो. दोन परकर घ्या, वरचा खालच्यापेक्षा १० ते १२ सेंटिमीटरने आखूड करा, आणि खालच्याच्या काठाला लेस लावा. आधी घेर मोजा. लेस सपाट लावायची तर घेराइतकी, चुण्या हव्या तर दीडपट. नाडी काढून रुंद इलॅस्टिक घातलं की कंबरेशी गाठीचा उंचवटा येत नाही.

जाळीचा अंगरखा तर घरी दहा मिनिटांत होतो. जाळीचे लांब स्टॉकिंग्ज, म्हणजे कंबरेपर्यंतचे, घ्या. दोन पायांच्या मध्ये जिथे जोड आहे तिथे सुमारे १८ सेंटिमीटरची चीर द्या. हा गळा. पावलं कापून टाका, त्या बाह्या. अंगठ्यासाठी छोटं भोक ठेवलं की बाही वर सरकत नाही. कंबरेचा पट्टा छातीखाली येतो. कापलेल्या कडांवर दर चार-पाच घरांनी धाग्याची गाठ मारा म्हणजे भोकं पसरत नाहीत. वारा आरपार जातो, त्यामुळे इथल्या हवेला याहून सोयीचा गॉथ कपडा नाही.

मुलग्यांसाठी वेगळा धडा लागत नाही. सैल गळ्याचा काळा शर्ट, निमुळती पँट, जाकीट आणि डोळ्यांतली रेघ, इतकं बॅटकेव्हच्या काळापासून चालत आलं आहे.

पाचवी पायरी: जुने कपडे काळे रंगवणे

नव्या खरेदीपेक्षा हा मार्ग चांगला, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सुती, लिनन आणि रेयॉनसाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या, म्हणजे धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा रंग. उकळून लावायच्या पुडीतल्या रंगाचा काळा लवकर राखाडी होतो. रेशमाला ही कृती लावू नका, सोड्याने त्याची चमक जाते. पॉलिएस्टरवर हा रंग चढतच नाही.

५०० ग्रॅम कोरड्या कापडासाठी, म्हणजे साधारण दोन शर्ट, १० ते ११ लिटर कोमट पाणी, ४० ग्रॅम काळा रंग, सुमारे ९०० ग्रॅम साधं पॅकबंद मीठ आणि ८० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्या. खाण्याचा सोडा चालणार नाही, तो पुरेसा तीव्र नसतो. मिठागरातलं जाडं मीठही नको: त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी जड करतात आणि रंग डागाडागाने बसतो. विहिरीचं पाणी जड असेल तर तेही टाळा. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची, अ‍ॅल्युमिनियमची नको, आणि ती पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाही. भुकटी नाकात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो, म्हणून मास्क आणि हातमोजे घालूनच पुडी उघडा, पंखा बंद ठेवा.

कपडा आधी साबणाने धुऊन ओलाच ठेवा. थोड्या पाण्यात रंगाची पेस्ट करून गाळा, बादलीत मीठ विरघळवा, रंग घाला, मग कपडा. वीस ते तीस मिनिटं सतत हलवा. सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून पंधरा मिनिटांत तीन हप्त्यांत ओता. ओतताना कपडा बाजूला घ्या, थेट कपड्यावर पडला तर तिथे काळा डाग राहतो. मग एक तास, दर पाच मिनिटांनी हलवत. त्यानंतर गार पाण्याने खळखळून धुवा आणि उकळत्याच्या जवळपास गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी फिकं होईपर्यंत हे दोन-तीनदा करा. हा शेवटचा भाग टाळला की सुटा रंग आत राहतो आणि पहिल्या घामाला मानेवर उतरतो. रंग पक्का व्हावा म्हणून व्हिनेगर घालतात, त्याचा सुती कपड्यावर काही उपयोग नाही.

दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. तयार कपड्यांची शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, त्यामुळे पांढरा शर्ट काळा झाला तरी टाके पांढरेच राहतात. काहींना ते आवडतं. नको असतील तर कपड्यासाठीच्या काळ्या मार्करने ओढून घ्या. दुसरं, मूळ रंग खालून डोकावतो: लालावर चढवलेला काळा तपकिरीकडे झुकतो. पक्का काळा हवा तर पांढऱ्यापासून सुरुवात करा.

सहावी पायरी: चेहरा, केस

चेहऱ्याला पांढरा रंग फासायची गरज नाही. आपल्या त्वचेच्याच छटेचा पातळ बेस द्या, सगळा जोर डोळ्यांवर ठेवा. काजळ पसरतं ते तेल आणि दमट हवेमुळे, म्हणून त्यावर कोरड्याचा थर हवा. सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबा. पापणी टिपून कोरडी करा, प्राइमर लावा. वॉटरप्रूफ काजळाने रेघ ओढा, आणि लगेच बारीक ब्रशने काळी आयशॅडो तिच्यावर घासून न लावता दाबून बसवा. कानशिलाकडचं टोक आरशात सरळ बघत, डोळे उघडे ठेवून काढा. डोळा मिटून काढलेलं टोक उघडल्यावर खाली वाकतं. शेवटी डोळ्याखाली पारदर्शक पावडर. लेबल नसलेला सुरमा कितीही चमकदार दिसला तरी घेऊ नका, काहींत शिशाचं संयुग असतं.

गडद लिपस्टिकला आधी त्याच रंगाच्या पेन्सिलीने पूर्ण ओठ भरा, एक पातळ थर द्या, टिश्यूने टिपा, टिश्यूवरूनच पावडर फिरवा, मग दुसरा थर.

उभे केस इथे तासाभरात बसतात. पावसाळ्यात तर प्रयत्नही नको. घट्ट वेणी किंवा खोपा आणि त्यात ऑक्सिडाइज्ड चांदीच्या पिना, हे टिकतं आणि भारदस्त दिसतं.

सातवी पायरी: धातू

स्वस्त साखळ्यांत निकेल असतं आणि घामाशी त्याचं पटत नाही. मानेवर लाल चट्टे उठतात. ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या, नाहीतर चांदी. चांदी काळी पडली तर पडू द्या, नक्षीच्या खाचांतला काळेपणा या पेहरावाला हवाच असतो. लोखंडी खिळे पहिल्या पावसात गंजतात आणि कापडावर तांबडे डाग पाडतात. पितळी किंवा स्टीलचे घ्या, आट्यांवर गोंदाचा थेंब टाकून घट्ट करा. हणजुण्याच्या बुधवारच्या आणि हडफड्याच्या शनिवारच्या बाजारात चांदीसारखं बरंच काही दिसतं, पण चांदीच्या दागिन्यावर ९२५ चा छाप बघितल्याशिवाय चांदीचा भाव देऊ नका. हे बाजार पर्यटनाच्या हंगामातले. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र बारमाही, आणि जुन्या धाटणीची बटणं, लेस धुंडाळायला चांगला.

आठवी पायरी: कुठे, कसं

क्रॉस हा गॉथ दागिन्यांत सर्रास दिसतो. गोव्यात तो शेजाऱ्याच्या रोजच्या प्रार्थनेतला आहे, म्हणून उलटा क्रॉस किंवा गळ्यात हार म्हणून रोझरी घालू नका. दफनभूमी फोटोसाठी वापरू नका, विशेषतः २ नोव्हेंबरच्या सुमारास, कारण तेव्हा कुटुंबं आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येतात. पणजीतल्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत लोक राहतात. दारात उभं राहण्याआधी घरच्यांना विचारा, आणि 'फोटो काढू नका' अशी पाटी दिसली की पुढे चला. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, ओढणी तिथे कामी येते.

घरच्या मंगळकार्यात काळं चालत नसेल तर वाद घालत बसू नका. वाइनसारखा लाल, गडद जांभळा, बाटलीचा हिरवा नेसा, दागिने आणि डोळे तेच ठेवा. ख्रिस्ती शेजारात काळ्या कपड्यांचा अर्थ दुखवटा असाही होतो. कुणी काळजीने विचारलं तर नीट सांगा, आणि ज्या घरात खरोखर कुणी गेलं आहे तिथे जाताना तोंडावरून जाळी सोडू नका.

२२ मे हा जागतिक गॉथ दिवस नेमका इथल्या सगळ्यात घामट दिवसांत येतो. त्या दिवशी संध्याकाळी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जायचं तर असं करा: जाळीचा अंगरखा, वर बिनबाह्यांचा मलमलीचा सैल बाजू, दुहेरी परकर, पायांत काळी कोल्हापुरी, एक चांदीचा दागिना, डोळ्यांत पूर्ण रेघ, ओठ गडद लाल. मंद मलमल, पारदर्शक जाळी, चमकदार धातू: तिन्ही पोत जागेवर आहेत.

नववी पायरी: पावसाळा

जून उजाडण्याआधी सगळे कपडे धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून ठेवा. घामाचा मागमूसही राहिला तर बुरशी तिथूनच सुरू होते. काळा कपडा नेहमी उलटा करून, गार पाण्यात धुवा. घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटली तर नुसत्या पाण्याने खळबळा, साबण नंतर. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही बंद करू नका, जुनी सुती चादर गुंडाळा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या असतील तर त्या महिन्याने बदला. चांदी वेगळ्या बंद डबीत, खडूच्या तुकड्यासोबत. बूट आणि चामड्याचे पट्टे कपाटात कोंडू नका, हवेशीर जागी उघड्यावर ठेवा आणि आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर घराबाहेर नेऊन पुसा, नाहीतर तिची पूड शेजारच्या मखमलीवर जाऊन बसते.